लाभांश : खावा की पेरावा?

तथागत भगवान बुद्धांनी संसारी माणसाला संपत्तीकडे पाठ फिरवायला सांगितले, असा एक गैरसमज आपल्या समाजात अजूनही आढळतो. भिक्षूसाठी अपरिग्रह आहे, हे खरे. परंतु गृहस्थाने दारिद्र्यात राहावे, असा उपदेश तथागतांनी केलेला नाही. राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला त्यांनी जो उपदेश केला, तो दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आला आहे. त्यात मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात घालण्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्यासाठी. या वाटणीकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. उपभोगायचा तो चतकोर, आणि निम्मी मिळकत पुन्हा कामाला लावायची. आजच्या अर्थशास्त्राच्या भाषेत यालाच पुनर्गुंतवणूक म्हणतात.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मुळात अर्थशास्त्रज्ञ होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यानंतर त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काही काळ सुरू केला होता. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. आज डिमॅट खाते उघडताना पॅन क्रमांक विचारतात, जात विचारत नाहीत. दार उघडले आहे. परंतु दारातून आत गेल्यावर पैसा कसा हाताळावा, हे सांगणारे वडीलधारे आपल्या बहुतेक घरांत नाहीत. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित जमीन, वाडा किंवा पेढी असते, त्यांच्या मुलांना हे ज्ञान घरातच मिळते. आपल्याकडे कायम नोकरीला लागलेली ही पहिली किंवा दुसरी पिढी. तिला जे काही उभे करायचे आहे ते पगारातून वाचवलेल्या पैशातूनच. म्हणून त्या पैशाला लागलेले फळ खावे की पेरावे, हा प्रश्न आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. समाजबांधवांना आणि विशेषतः विद्यार्थी मित्रांना या प्रश्नाचा उलगडा व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ओळखीच्या उदाहरणापासून सुरुवात

बँकेतील मुदत ठेव आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. समजा, एक लाख रुपये द.सा.द.शे. ७ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी ठेवले. यात दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात दर तिमाहीला १,७५० रुपये व्याज हाती येते. दहा वर्षांत अशा चाळीस तिमाही होतात, म्हणजे एकूण ७०,००० रुपये व्याज मिळते आणि शेवटी मुद्दल एक लाख परत येते. दुसऱ्या प्रकारात व्याज हाती न घेता दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जाते. दहा वर्षांनंतर या ठेवीचे सुमारे २,००,१६० रुपये होतात. पैसा तोच, व्याजाचा दर तोच, बँकही तीच. तरी ३०,१६० रुपयांचा फरक पडला, कारण दुसऱ्या प्रकारात व्याजालाही व्याज लागले. हीच चक्रवाढ.

खेड्यापाड्यात आपल्या आजोबा-पणजोबांनी चक्रवाढ पाहिली ती सावकाराच्या वहीत, म्हणजे आपल्या विरुद्ध बाजूने काम करताना. तीच चक्रवाढ आपल्या बाजूने कामाला लावता येते, एवढे समजले तरी या पाठाचा निम्मा भाग समजला असे म्हणता येईल.

२. लाभांश म्हणजे काय?

कंपनीला वर्षाअखेर नफा झाला म्हणजे त्याचे साधारणतः दोन भाग होतात. एक भाग कंपनी धंद्यातच ठेवते. त्यातून नवी यंत्रे येतात, कर्ज फिटते, राखीव निधी वाढतो. दुसरा भाग भागधारकांना वाटला जातो. हा दुसरा भाग म्हणजे लाभांश. संचालक मंडळ त्याची शिफारस करते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा त्याला मंजुरी देते. वर्षाच्या मध्येच दिला जातो त्याला अंतरिम लाभांश म्हणतात.

लाभांशाबाबत दोन भ्रम दूर केले पाहिजेत. पहिला भ्रम टक्केवारीचा. लाभांशाची टक्केवारी शेअरच्या दर्शनी किमतीवर सांगतात, बाजारभावावर नव्हे. समजा, शेअरची दर्शनी किंमत २ रुपये आहे, बाजारभाव ८०० रुपये आहे आणि कंपनीने ५०० टक्के लाभांश जाहीर केला. ऐकायला तो फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात शेअरमागे १० रुपये मिळाले, म्हणजे ८०० रुपयांवर केवळ सव्वा टक्का. तेव्हा वर्तमानपत्रातील मोठ्या टक्केवारीने हुरळून जाऊ नये.

दुसरा भ्रम असा की लाभांश म्हणजे वरकड बक्षीस. कंपनीच्या तिजोरीतून पैसा बाहेर गेला की कंपनीचे मूल्य तेवढ्याने घटते. म्हणूनच लाभांशाचा हक्क संपल्याच्या दिवशी शेअरचा भाव साधारण तेवढ्याच रकमेने खाली उघडतो. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात आला, एवढेच. पुढे काय होणार, हे त्या दुसऱ्या खिशातल्या पैशाचे आपण काय करतो यावर ठरते.

३. दोन बहिणींचा हिशेब

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन बहिणींनी प्रत्येकी १०,००० रुपये गुंतवून १०० रुपये भावाने शंभर-शंभर शेअर घेतले. शेअरचा भाव दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढतो आणि चालू भावावर दरवर्षी ३ टक्के लाभांश मिळतो, असे धरू. थोरली बहीण लाभांश रोख घेते आणि घरखर्चात घालते. धाकटी त्या लाभांशातून पुन्हा तेच शेअर घेते. कर आणि दलाली सध्या बाजूला ठेवू.

१० वर्षांनंतर : थोरलीचे शेअर २१,५८९ रुपयांचे आणि तोवर मिळालेली रोकड ४,३४६, मिळून २५,९३५ रुपये. धाकटीचे शेअर २८,३९४ रुपयांचे. फरक २,४५९ रुपये.

२० वर्षांनंतर : थोरलीचे शेअर ४६,६१० आणि रोकड १३,७२९, मिळून ६०,३३९ रुपये. धाकटीचे ८०,६२३ रुपये. फरक २०,२८४ रुपये.

३० वर्षांनंतर : थोरलीचे शेअर १,००,६२७ आणि रोकड ३३,९८५, मिळून १,३४,६१२ रुपये. धाकटीचे २,२८,९२३ रुपये. फरक ९४,३११ रुपये.

या आकड्यांतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट, थोरलीकडे तीस वर्षांनीही शंभरच शेअर आहेत. धाकटीकडे ते सुमारे २२७ झाले आहेत. म्हणजे भाव वाढला तो दोघींचाही, पण धाकटीची रोपेही वाढली. दुसरी गोष्ट, पहिल्या दहा वर्षांतील फरक अडीच हजारांच्याही आत आहे. एवढ्यासाठी हाताला आलेला पैसा का सोडावा, असे कोणालाही वाटेल. बहुतेक माणसे याच टप्प्यावर कंटाळतात. खरा फरक तिसऱ्या दहा वर्षांत पडतो. तिसरी गोष्ट, थोरलीने मिळालेली रोकड खर्च केली असे आपण धरले आहे. ती तिने बचत खात्यात ठेवली असती तर थोडे व्याज मिळाले असते, आणि दुसऱ्या चांगल्या ठिकाणी गुंतवली असती तर तीही धाकटीच्या जवळपास पोहोचली असती. म्हणजे लाभांश रोख घेण्यात दोष नाही. रोख घेतलेल्या पैशाचा विचारच न करण्यात दोष आहे.

बाजार असा सरळ रेषेत वाढत नाही, हेही ध्यानात ठेवावे. काही वर्षे भाव पडतात, लाभांशही कमी होतो किंवा बंद होतो. वरील दर केवळ हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष बाजारातील पुरावा पाहायचा असेल तर राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी ५० हा निर्देशांक पाहावा. रोज बातम्यांत सांगतात तो आकडा फक्त भावाचा असतो. त्याच पन्नास कंपन्यांचा लाभांश पुन्हा गुंतवला असे धरून काढलेला दुसरा निर्देशांकही असतो. त्याला एकूण परतावा निर्देशांक म्हणतात. २०२४ साली हा दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दीडपट होता. वर्षाला जेमतेम एक-दीड टक्का लाभांश, पण पाव शतकाहून अधिक काळ तो पेरत गेल्यामुळे एवढा फरक पडला. म्हणूनच म्युच्युअल फंडांनी आपल्या कामगिरीची तुलना या एकूण परतावा निर्देशांकाशीच करावी, असा नियम सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून लागू केला.

४. मेलेल्या उंदरापासून दोन लाखांपर्यंत

पुनर्गुंतवणुकीचा सिद्धांत आपल्या परंपरेला नवा नाही. जातककथांमध्ये चुल्लसेट्ठी जातक म्हणून एक कथा आहे. वाराणसीतील एक हुशार श्रेष्ठी रस्त्यात पडलेला मेलेला उंदीर पाहून सहज म्हणाला की, अक्कल असलेला तरुण एवढ्या भांडवलावरही धंदा उभारील. एका गरीब तरुणाने ते ऐकले. त्याने तो उंदीर मांजरासाठी एका काकणिकेला विकला. त्या पैशाचा त्याने गूळ घेतला आणि रानातून दमून येणाऱ्या माळ्यांना गूळ-पाणी दिले. माळ्यांनी मूठ-मूठ फुले दिली. फुले विकून पुन्हा गूळ घेतला. होता होता त्याच्याजवळ आठ नाणी जमली. पुढे वादळात राजाच्या बागेत पडलेल्या फांद्या त्याने मुलांना गूळ देऊन गोळा करवल्या आणि राजाच्या कुंभाराला विकल्या. पुढे गवत कापणाऱ्यांना पाणी पाजून त्यांच्याशी स्नेह जोडला, आणि घोड्यांचा व्यापारी गावात आला तेव्हा गवताच्या पेंढ्या विकून हजार नाणी मिळवली. शेवटी जहाजावरील मालाच्या व्यवहारात तो दोन लाखांचा धनी झाला, आणि कृतज्ञता म्हणून त्यातले एक लाख घेऊन त्या श्रेष्ठीकडे गेला.

या तरुणाने प्रत्येक टप्प्यावर मिळालेला नफा पुढच्या टप्प्याचे भांडवल केला. पहिल्याच काकणिकेची मिठाई खाल्ली असती तर कथा तेथेच संपली असती. मात्र हेही पाहावे की वाटेत तो दमलेल्यांना पाणी पाजीत गेला आणि शेवटी उपकार विसरला नाही. पेरणे आणि देणे यांत विरोध नाही, हे या कथेचे दुसरे सार.

५. आपल्याकडे कोणत्या सोयी आहेत?

अमेरिकेत अनेक कंपन्या लाभांशाऐवजी परस्पर शेअर देण्याची योजना चालवतात. आपल्या देशात शेअर्सच्या बाबतीत अशी सोय सर्वसाधारणपणे नाही. लाभांश बँक खात्यात जमा होतो आणि तो पुन्हा गुंतवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. शेअर अपूर्णांकात घेता येत नसल्यामुळे लहान रकमा लगेच कामाला लागत नाहीत. यावर उपाय म्हणजे लाभांशासाठी एक वेगळे बचत खाते ठेवावे. पगाराच्या खात्यात आलेला लाभांश महिन्याच्या खर्चात कधी विरघळतो, ते कळतही नाही. वेगळ्या खात्यात साठलेल्या रकमेतून सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एकदा खरेदी करावी, अथवा त्या खात्यातून म्युच्युअल फंडाची मासिक एस.आय.पी. लावावी.

म्युच्युअल फंडात गुंतवणूकदाराला प्रारंभीच पर्याय निवडावा लागतो. वृद्धी पर्यायात फंडाला मिळालेले सर्व उत्पन्न फंडातच राहते आणि युनिटचे मूल्य, ज्याला आपण एन.ए.व्ही. म्हणतो, ते वाढत जाते. दुसऱ्या पर्यायाला पूर्वी लाभांश पर्याय म्हणत. १ एप्रिल २०२१ पासून सेबीने त्याचे नाव बदलून उत्पन्न वाटप तथा भांडवल परतावा अशा अर्थाचे नाव ठेवायला लावले. बदलामागचे कारण विचार करण्याजोगे आहे. लाभांश मिळाला म्हणून गुंतवणूकदार खूश होत, परंतु तेवढ्याच रकमेने युनिटचे मूल्य उतरत असे. अनेकदा त्यांचेच मुद्दल त्यांना परत मिळत असे. तेव्हा ज्याला पंधरा-वीस वर्षे पैसा लागणार नाही, त्याने वृद्धी पर्याय घेणे सोयीचे.

कराचाही विचार केला पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून लाभांश हा घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो आणि त्याच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार त्यावर कर लागतो. फंडातला लाभांश हाती न घेता पुन्हा युनिटमध्ये वळवला तरी कर चुकत नाही. एका कंपनीकडून वर्षभरात ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक लाभांश मिळाल्यास मुळातूनच कर कापला जातो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५,००० वरून १०,००० रुपये करण्यात आली. वृद्धी पर्यायात मात्र युनिट विकेपर्यंत कर लागत नाही. कराने काय फरक पडतो तेही पाहू. धाकट्या बहिणीला लाभांशावर उपकरासह २०.८ टक्के कर भरावा लागला, तर तीस वर्षांनंतरची तिची रक्कम २,२८,९२३ ऐवजी सुमारे १,९३,३०० रुपये होईल. तरीही ती थोरलीच्या पुढेच आहे, कारण थोरलीलाही हा कर चुकणार नाही. कराचे नियम अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून त्या त्या वर्षाचे नियम पाहूनच निर्णय घ्यावा.

आपले अनेक बांधव नोकरदारांच्या पतसंस्थांचे सभासद आहेत. तेथील भागांवरही लाभांश मिळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार तो सर्वसाधारणपणे १५ टक्क्यांपेक्षा अधिक देता येत नाही. येथे एक महत्त्वाचा फरक आहे. पतसंस्थेचा भाग दर्शनी किमतीलाच परत होतो, त्याचा भाव वाढत नाही. म्हणजे लाभांश खर्च केला तर मुद्दल जागच्या जागी राहते आणि महागाईने झिजते. दिवाळीच्या सुमारास मिळणाऱ्या या रकमेतून काही भाग तरी आवर्त ठेवीत किंवा अन्य दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत वळवावा.

६. मोठा लाभांश म्हणजे भक्कम पाया नव्हे

पेरायचे हे ठरले, तरी कोणत्या जमिनीत पेरायचे हा प्रश्न उरतोच. भारतीय युनिट ट्रस्टची यू.एस. ६४ ही योजना १९६४ साली सुरू झाली. सरकारी आधाराची योजना म्हणून कामगार, कारकून, शिक्षक, निवृत्त कर्मचारी यांनी तिच्यात पैसा ठेवला. नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात या योजनेने २६ टक्क्यांपर्यंत, म्हणजे दहा रुपयांच्या युनिटवर २ रुपये ६० पैसे लाभांश दिला. लोक तो पाहून निर्धास्त होते. परंतु युनिटची खरेदी-विक्रीची किंमत त्यामागील मालमत्तेच्या खऱ्या मूल्याशी बांधलेली नव्हती. १९९८ साली योजनेचा राखीव निधी उणे झाल्याचे उघड झाले, आणि जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली. पुढे सरकारला मदतीला यावे लागले आणि ट्रस्टचे विभाजन झाले. या योजनेत लाभांश रोख घेणारेही होते आणि पुनर्गुंतवणूक करणारेही होते. त्या दिवशी अडकले ते दोघेही. उलट ज्यांनी सर्व लाभांश याच एका योजनेत पुन्हा घातला, त्यांचे अधिक अडकले.

याहून जुने उदाहरण आपल्या पूर्वजांच्या घामाशी निगडित आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या अनेक गिरण्यांनी भरघोस लाभांश वाटले. तेजी ओसरल्यावर मंदी आली, तेव्हा मालकांनी १९२५ साली कामगारांच्या मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि मोठा संप झाला. सुगीत सगळे वाटून खाल्ले की दुष्काळात भार दुबळ्यावर पडतो. हा नियम कंपनीला लागू आहे तसा कुटुंबालाही.

म्हणून लाभांश पाहताना विचारावे, तो खऱ्या नफ्यातून दिला जातो आहे काय? कंपनीवर कर्जाचा डोंगर आहे काय? एकाच कंपनीत सगळा पैसा गुंतत चालला आहे काय? आणि बौद्ध उपासकाने आणखी एक प्रश्न विचारावा, ही मिळकत कोणत्या धंद्याची आहे? शस्त्रे, माणसे, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तरनिकायात सांगितले आहे. मद्याच्या कारखान्याचा लाभांश घ्यावा काय, याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या शीलाला स्मरून द्यावे.

७. रोख केव्हा घ्यावी?

पुनर्गुंतवणूक हे व्रत नाही, साधन आहे. पुढील परिस्थितीत लाभांश रोख घेणेच शहाणपणाचे.

डोक्यावर महागडे कर्ज असेल तर आधी ते फेडावे. शेकडा ३ रुपये दरमहा व्याजाचे कर्ज म्हणजे वर्षाला ३६ टक्के. अकरा टक्के मिळवण्यासाठी पेरणी करायची आणि छत्तीस टक्के भरायचे, यात शहाणपण नाही. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात ऋणमुक्तीचे सुख हे एक स्वतंत्र सुख म्हणून गणले आहे.

घरात सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी नसेल तर आधी ती जमवावी. सिगालाला सांगितलेला चौथा भाग तो हाच. तो नसला की दवाखान्याचे बिल भरायला भाव पडलेला असतानाच शेअर विकावे लागतात.

निवृत्त झालेले बांधव, घरातला कर्ता गेल्यावर एकट्या पडलेल्या भगिनी, यांच्या बाबतीत तर फळ खाण्याचाच काळ आलेला असतो. आयुष्यभर पेरले ते यासाठीच. त्यांनी लाभांश, व्याज रोख घ्यावे आणि संकोच करू नये. मात्र लाभांश किती आणि केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणून म्युच्युअल फंडाच्या वृद्धी पर्यायातून दरमहा ठरावीक रक्कम काढण्याची जी सोय असते, तिचाही विचार करावा. त्यात विकलेल्या युनिटवरील नफ्यापुरताच कर लागतो.

दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाने संसारी माणसाच्या सुखाचा मार्ग विचारला, तेव्हा तथागतांनी उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण आणि कल्याणमित्रांची संगत यांच्या जोडीला समजीविता, म्हणजे आवक-जावक तोलून जगणे, सांगितले. थोडी आवक असताना उधळपट्टी करणारा उंबराचे झाड हलवून फळांची नासाडी करणाऱ्यासारखा. आणि भरपूर असूनही न खाणारा उपाशी मरणाऱ्यासारखा. दोन्ही टोके वर्ज्य. मुलीची फी थांबवून शेअर घेणारा बाप आणि फी भरायच्या पैशातून टी.व्ही. घेणारा बाप, दोघेही मध्यम मार्ग सोडून गेलेले आहेत.

८. पेटीत पडून राहिलेला लाभांश

आणखी एका नुकसानीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. सलग सात वर्षे लाभांश घेतलाच नाही, तर ती रक्कम आणि कंपनी कायदा, २०१३ मधील तरतुदीनुसार ते शेअरसुद्धा, केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. घर बदलले, बँक खाते बंद झाले, वडील वारले आणि कागदी प्रमाणपत्रे लोखंडी पेटीत राहिली, असे घडू शकते. हक्क कायमचा बुडत नाही. कागदपत्रांसह अर्ज करून तो परत मागता येतो. परंतु वारसांची दगदग टाळण्यासाठी प्रत्येकाने बँक खात्याचा तपशील अद्ययावत ठेवावा, नामनिर्देशन करावे आणि गुंतवणुकीची एक वही घरातल्या माणसांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावी. पत्नीला त्यातले सारे समजावून सांगावे.

९. संस्थेच्या निधीलाही हाच न्याय

आपल्या मंडळांकडे, विहार समित्यांकडे शिष्यवृत्ती निधी असतो. समजा, मुद्दल ५ लाख रुपये आहे आणि ७ टक्क्यांनी वर्षाला ३५,००० रुपये व्याज येते. दरवर्षी सर्व व्याज वाटले तर मुद्दल कायम राहते खरे, पण महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर बारा वर्षांनी त्याच ३५,००० रुपयांत आजच्या निम्मीच पुस्तके येतील. आयकर कायद्याखाली नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग आपल्या उद्दिष्टांवर खर्च करून १५ टक्के शिल्लक टाकता येते. या उदाहरणात २९,७५० रुपये वाटून ५,२५० रुपये दरवर्षी मुद्दलात मिळवले, तर बारा वर्षांत मुद्दल सुमारे ५,६६,७०० रुपये होईल. महागाईला एवढे पुरत नाही. म्हणून नव्या देणग्यांचा काही हिस्साही मुद्दलातच घालावा लागेल. सार्वजनिक न्यासाचा पैसा कोठे गुंतवावा यावर कायद्याची बंधने आहेत, तेव्हा विश्वस्तांनी ती पाळूनच निर्णय घ्यावा.

१०. सार

पेरायचा काळ आणि खायचा काळ वेगळा असतो. पंचविशीतल्या तरुणाने लाभांश पेरावा, सत्तरीतल्या आजोबांनी तो खावा. मधल्या वयात सिगालाला सांगितलेली वाटणी समोर ठेवावी. निर्णय कोणताही असो, तो लाभांश हाती येण्यापूर्वी ठरलेला असावा. हाती पैसा आल्यावर निर्णय आपण घेत नाही, गरज आणि हौस घेतात.

विद्यार्थी मित्रांनो, पहिल्या पगारातून घेतलेल्या पहिल्या युनिटला लागलेले पहिले फळ फार लहान असेल. त्याची थट्टाही होईल. पण आपल्या पणजोबांच्या नावावर ना शेत होते ना बियाणे. तुमच्या हाती निदान बियाणे आले आहे. ते जपा, पेरा, आणि पीक आल्यावर समाजाचा वाटा विसरू नका.

स्वाध्याय

१. दर्शनी किंमत १० रुपये, बाजारभाव ४०० रुपये आणि लाभांश ६० टक्के असल्यास बाजारभावावर किती टक्के लाभांश मिळाला?

२. थोरल्या बहिणीने लाभांशाची रोकड कोणकोणत्या प्रकारे वापरली असती तर तिचे नुकसान झाले नसते?

३. म्युच्युअल फंडाच्या लाभांश पर्यायाचे नाव का बदलण्यात आले?

४. यू.एस. ६४ च्या उदाहरणावरून पुनर्गुंतवणुकीची कोणती मर्यादा दिसते?

५. आपल्या घरातील गेल्या वर्षीचे व्याज व लाभांश यांची यादी करा. त्यातील किती खर्च झाले आणि किती पुन्हा गुंतवले, ते आई-वडिलांसोबत बसून लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!